सरांचं आणि आपलं

श्रद्धेचा इतिहास माणसाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. माणूस आधी विजेला भ्याला, मग तिला हात जोडू लागला, आणि ज्याच्यापुढे आपलं काही चालत नाही त्याच्यावर भरवसा ठेवायची जी सवय त्याला तेव्हा लागली ती अजून सुटलेली नाही. मोठमोठी साम्राज्यं या भरवशावर उभी राहिली आणि त्याच्याच वजनाने खाली बसली. आमच्या पालममध्ये ही श्रद्धा दर शनिवारी दुपारी बसस्टँडच्या बाजूने चालत यायची. तिच्या चपला करकरायच्या, काखेत छत्री असायची, आणि तिला चहात साखर कमी लागायची.

तिचं नाव मन्मथ उदगिरे. आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे आमचे विद्यार्थी कधी एक नव्हते आणि आमची मैत्री टिकली. सर उंच, किंचित पुढे झुकलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बारा महिने पांढरा शर्ट, आणि गळ्यात दोन दोऱ्या. एका दोरीत इष्टलिंगाची चांदीची डबी, दुसरीत पेनड्राइव्ह. पहिली ते कुणाला दाखवत नसत. दुसरी सगळ्यांना दाखवत.

त्या पेनड्राइव्हमध्ये सरांची सिस्टीम होती. ज्यांना हा विषय परका आहे त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरमधली सिस्टीम ही शाळेच्या शिपायासारखी असते. सकाळी ती आली तर कुलपं उघडतात, घंटा होते, आणि मग गुरुजी, मुलं, खडू यांना काही अर्थ राहतो. ती आली नाही तर हेडमास्तरसुद्धा फाटकाबाहेर उभे. जगातले बहुतेक लोक जी सिस्टीम वापरतात ती दुकानातून कॉम्प्युटर आणला की त्याच्या आत आधीच बसलेली असते. सरांची सिस्टीम वेगळी होती. ती कुठल्या कुठल्या देशांतल्या हौशी मंडळींनी मिळून बनवली होती आणि ती फुकट होती. फुकट आहे हे सर शेवटी सांगत, कारण आधी सांगितलं की लोकांना ती वाईट असेल असं वाटायचं.

सर या पंथात आले ते एका खंडेनवमीला. त्या दिवशी त्यांच्या घरी सगळ्या हत्यारांची पूजा असायची. पान्हे, पेचकस, प्रयोगशाळेतून घरी आणलेला आणि परत न गेलेला एक ताणकाटा, सरांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, शिलाई मशीन, विळी, आणि शेवटी कॉम्प्युटर. प्रत्येकाला विभूतीची तीन बोटं आणि झेंडूचं एक फूल. त्या दिवशी हत्याराला सुट्टी. काकू भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायच्या. तर आरती अर्ध्यावर आली असताना कॉम्प्युटर आपला आपण उजळला आणि त्याच्यावर अक्षरं आली की सुधारणा चालू आहेत, कृपया यंत्र बंद करू नये.

सरांनी आरती थांबवली. तबक हातात तसंच धरून ते काकूंना म्हणाले, "बघ. आज विळीसुद्धा गप बसलीय. आन् हे स्वतःहून कामाला लागलंय."

"असू द्या, कामसू हाय," काकू म्हणाल्या.

तो कामसूपणा दोन तास चालला. मग कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला, पुन्हा बंद झाला, आणि निळा पडून राहिला. त्याच्या पोटात सरांनी बारावीच्या मुलांसाठी लिहिलेलं प्रकाशशास्त्राचं पुस्तक होतं. ते गेलं. पुस्तक गेल्याचं दुःख सरांनी पचवलं. मालकाला न विचारता, तेही खंडेनवमीला, यंत्र स्वतःला सुधारून घेतं ही गोष्ट मात्र त्यांना शेवटपर्यंत पचली नाही. "माणूस सुद्धा न सांगता सुधारत न्हाई," ते म्हणायचे. "मग ह्याला एवढी घाई कामून?"

त्यानंतर त्यांनी ती दुसरी सिस्टीम कुठून तरी मिळवली, आपल्या कॉम्प्युटरवर बसवली, आणि ती चालता चालता कुठे अडकेना. एक महिना झाला, अडकेना. दिवाळी गेली, संक्रांत आली, तरी अडकेना. आता हे पालमला सांगणं भाग होतं.

त्या काळात आमच्या गावात लोक सांधेदुखीबद्दल बोलतात तसं कॉम्प्युटरबद्दल बोलत. कुणाचा सकाळी उठायचाच नाही. कुणाचा ऐन बिल करताना गोठायचा. कुणाचा गिऱ्हाईक समोर आलं की निळा पडायचा आणि गिऱ्हाईक गेलं की खडखडीत बरा व्हायचा. प्रत्येकाचा इलाज ठरलेला होता: बंद करायचं, मनातल्या मनात काहीतरी म्हणायचं, चालू करायचं. सरांना या इलाजाचा तिटकारा होता. "बंद करून चालू करणं ही दुरुस्ती न्हाई," ते म्हणायचे, "ती माफी हाय. चूक त्यानं करायची आन् माफ आपण करायचं. किती दिवस?"

रिटायर झाल्यावर त्यांनी शनिवारची फेरी सुरू केली. पहिला मुक्काम कॉलेजचं ऑफिस, मग बाजारातला शफीभाईंचा फोटो स्टुडिओ, मग एखाद-दुसरं दुकान, आणि सगळ्यात शेवटी माझं घर. आल्याबरोबर बसण्याच्या आधी ते कॉम्प्युटरच्या डब्यावर उलटा हात ठेवायचे, आई पोराचा ताप बघते तसा. मग विचारायचे, "हँग होतंय का?" हो म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. गळ्यातली दोरी मानेवरून निघायची, आणि यजमानाची परवानगी घेतली गेली असं समजून काम सुरू व्हायचं. ते एक पैसा घेत नसत. दर कॉम्प्युटरमागे एक चहा, आणि अवघड केस असेल तर बरोबर चिवडा.

अशा रीतीने दोनेक वर्षांत पालमचे बरेचसे कॉम्प्युटर सरांच्या सिस्टीमचे झाले आणि एकही अडकेना. खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

आमच्या ऑफिसच्या हेडक्लार्क सुजाता गायकवाड. कॉलेजचे प्राचार्य कोण हे अधूनमधून बदलतं; कॉलेज गायकवाडताई चालवतात हे बदलत नाही. एका शनिवारी मी ऑफिसात रजेचा अर्ज द्यायला गेलो तेव्हा त्यांचा आणि सरांचा संवाद चालू होता.

"सर, मार्कमेमो छापंना झालंय."

"प्रिंटर बदला."

"मागच्याच महिन्यात घेतलाय की हो."

"म्हंजे चुकीचा घेतलात. मला इचारायचं हुतं."

"स्कॅनर बी दिसंना त्याला."

"कशाला पायजे स्कॅनर? झेरॉक्स काढा."

"आन् विद्यापीठाची साइट उघडंना. ती म्हणती ही सिस्टीम चालत न्हाई."

"साइट चुकीची बनिवलीय त्यांनी. मी पत्र टाकतो." सर पुढे झुकले आणि त्यांनी आवाज खाली आणला. "ते सगळं जाऊ द्या ताई. हँग होतंय का?"

ताईंनी थोडा विचार केला. "न्हाई सर. हँग काई होत न्हाई."

"मग?"

जो माणूस घराबाहेर पडतच नाही त्याचा अपघात कसा होणार? सर मात्र चहा संपवून ताठ मानेने स्टुडिओकडे निघाले. तिथे शफीभाईंचं म्हणणं असं होतं की पासपोर्ट फोटोत सगळ्या गावाला कावीळ झाल्यासारखी दिसतेय. सरांनी एक फोटो उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं की रंग बरोबर आहे, लोकांनी उन्हात फिरू नये.

घरी सरांचा स्वतःचा कॉम्प्युटर हा त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा होता. तो ते कधी बंदच करत नसत. किती काळ अखंड चालू आहे हे त्याच्या एका कोपऱ्यात दिसायचं, आणि आल्यागेल्याला पाणी देण्याआधी ते दाखवलं जायचं. पालममध्ये वीज ज्या प्रमाणात येते त्या प्रमाणात ही गोष्ट सोपी नव्हती. त्यासाठी घरातला इन्व्हर्टर फ्रिजवरून काढून कॉम्प्युटरला जोडलेला होता.

"दूध नासलं तर चालतंय," काकू मला सांगायच्या, सरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पंखा न्हाई चालला तर चालतंय. मी न्हाई चालले तरी चालतंय. पण त्येचं चालू राह्यलं पायजे."

एका उन्हाळ्यात पाहुणे जेवायला आले, वीज गेली, आणि शेंगदाण्याची चटणी व्हायची होती. काकूंनी कॉम्प्युटरची पिन काढून मिक्सरची लावली. चटणी झाली, पिन पुन्हा जागेवर गेली. संध्याकाळी सरांनी तो कोपरा पाहिला. आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. ते जेवायला बसले, चटणीचं बोट जिभेवर ठेवलं, आणि ताटाकडे बघत म्हणाले, "लय महाग पडली." चार-पाच दिवस ते कुणाकडे गेले नाहीत. घरात कोणी तरी गेल्यासारखं वाटायचं, असं काकू सांगत. पाचव्या दिवशी त्यांनी चटणी पुन्हा वाढली तेव्हा सरांनी दोनदा घेतली.

इकडे ऑफिसात परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ येत होती आणि विद्यापीठाची साइट सरांच्या सिस्टीमला दारात उभं करत नव्हती. गायकवाडताईंनी परभणीहून रिपेअरवाला बोलावला. त्याने दहा मिनिटांत निदान केलं.

"हे काढून पहिल्यावानी करून देऊ का म्याडम?"

ताईंनी पेन दोनदा टेबलावर आपटलं. मग म्हणाल्या, "काढू नको. म्हाताऱ्याचं मन दुखंल. ते राहू दे, आन् बाजूला आपलं बी बसव. हुतंय का तसं?"

होत होतं. एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन सिस्टीमी बसवता येतात. यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात. बाण वरखाली करायचा आणि हवी ती निवडायची. रिपेअरवाल्याने त्या ओळींना काय नावं देऊ विचारलं. ताईंनी सांगितलं ती नावं त्याने तशीच इंग्रजी अक्षरांत टाकली. वर ‘आपलं’. खाली ‘सरांचं’.

ही युक्ती आठवड्याभरात गावभर झाली. स्टुडिओत झाली, औषधाच्या दुकानात झाली, कॉलेजच्या सभागृहातही झाली. माझ्या घरीही झाली, कारण माझ्या मुलीला ऑनलाइन परीक्षा द्यायची होती आणि तिच्या मते तत्त्वांना गुण नसतात. आठवडाभर सगळीकडे ‘आपलं’ चालायचं. शनिवारी सर बसस्टँडच्या रस्त्याला दिसले की पहिला फोन शफीभाईंचा यायचा. "सर निकले," एवढंच ते बोलायचे, आणि फोन बंद. मग सगळीकडे एकच धावपळ. ‘आपलं’ बंद करून ‘सरांचं’ चालू करायचं. यात अडचण अशी होती की ‘आपलं’ बंद व्हायला वेळ घ्यायचं. कधी कधी ते नेमकं तेव्हाच स्वतःला सुधारायला बसायचं. मग ताई दारातच सरांना गाठायच्या आणि गुडघ्यांची चौकशी करायच्या. सरांच्या गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. पण एवढ्या आपुलकीने विचारतात म्हटल्यावर त्यांनी हळूहळू थोडं दुखणं तयार केलं.

सर आत यायचे, डब्यावर उलटा हात ठेवायचे, पडद्यावर आपली सिस्टीम बघायचे.

"हँग होतंय का?"

"न्हाई सर!" हे उत्तर आता पूर्वीपेक्षा फार मनापासून यायचं.

"मक्खन चलरी सर," शफीभाई म्हणायचे. "हात लगाने का काम नै." यातलं दुसरं वाक्य अक्षरशः खरं होतं.

एकदा मात्र सर मंगळवारी आले. कुणाचा फोन नाही, काही नाही. ऑफिसात ‘आपलं’ उघडं, त्याच्यावर विद्यापीठाची साइट उघडी. ताईंनी सरळ बटण दाबून कॉम्प्युटरच बंद केला आणि म्हणाल्या, "या सर. आत्ताच लाइट गेली बघा."

सरांनी वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. त्यांनी थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं, थोडा वेळ ताईंकडे.

"बरं झालं, पंखा तरी इन्व्हर्टरवर हाय," ते म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. आमच्या ऑफिसात इन्व्हर्टर नव्हता. आम्ही त्याचा अर्थ असा लावला की सर आता म्हातारे व्हायला लागले.

मग कॉलेजची तपासणी करायला समिती आली. अशा समित्या आल्या की कॉलेजला रंग लागतो, बंद नळाला पाणी येतं, आणि ग्रंथालयात वाचक दिसतात. आमच्या त्या वेळच्या प्राचार्यांना ‘डिजिटल’ या शब्दाचा फार नाद होता. फाटकावर त्यांचा स्वतःचा हात जोडलेला फोटो आणि खाली ‘डिजिटल युगात आपले स्वागत’. कॉलेज कसं पूर्णपणे कागदमुक्त झालंय हे सांगणारी चार रंगांची, जाड कागदावर छापलेली पत्रिका प्रत्येक खुर्चीवर ठेवलेली. गावातली मानाची माणसं बोलावली होती. माजी प्राध्यापक म्हणून उदगिरे सर शेवटच्या रांगेत, छत्री दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून बसलेले.

सत्कार झाले. शाली झाल्या. प्राचार्य माइकपाशी गेले, म्हणाले, "आता मी नव्हे, आमचं तंत्रज्ञान बोलेल," आणि हातातलं बटण दाबलं. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर अक्षरं आली की सुधारणा चालू आहेत, कृपया यंत्र बंद करू नये.

प्राचार्य हसले. समिती हसली. सुधारणा एक टक्का झाल्या होत्या. प्राचार्यांनी कॉलेजच्या स्थापनेचा इतिहास सांगितला. सुधारणा दोन टक्के झाल्या. त्यांनी संस्थापकांच्या बालपणापासून पुन्हा सुरुवात केली. समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. या समितीच्या शेऱ्यावर कॉलेजची एक नवी शाखा अवलंबून होती, आणि त्या शाखेवर पाच-सहा जणांच्या नोकऱ्या. ताईंच्या बहिणीची मुलगी त्यातली एक. शेवटी कोणीतरी वायरच ओढली. पुन्हा लावली तेव्हा त्या प्रचंड पडद्यावर, अख्ख्या सभागृहासमोर, काळ्यावर पांढऱ्या दोन ओळी उमटल्या. वर ‘आपलं’. खाली ‘सरांचं’.

‘आपलं’ निवडून पाहिलं. निळं पडलं. पुन्हा त्या दोन ओळी.

"खालचं लावा की," प्राचार्य माइक न झाकता म्हणाले. "काय आहे ते सरांचं?"

खालचं लावायला त्याचा पासवर्ड लागत होता. इतर ठिकाणी तो आम्हाला माहीत होता; सभागृहातला मात्र फक्त सरांना माहीत होता, आणि सभागृह त्यांच्या फेरीत नसल्यामुळे कोणी विचारलाच नव्हता. शेवटच्या रांगेत करकर झाली. सर उठले होते.

ताई अक्षरशः धावल्या. "सर, तुमी कशाला तसदी घेता. बसा. गुडघे दुखतील."

"गुडघे बरे हायत," सर म्हणाले.

ते चालत पुढे आले. व्यासपीठावर चढले. डब्यावर उलटा हात ठेवला. मग मान वर करून त्या पडद्याकडे पाहत राहिले. शफीभाई फोटो काढायला उभे होते. त्यांनी कॅमेरा खाली घेतला. ताईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. मला त्या क्षणी कॉलेजला शाखा मिळाली नाही तरी चालेल असं वाटलं, आणि मला वाटतं ताईंनाही वाटलं असावं. बरं, सर तिथे किती वेळ उभे होते? फार नाही. पण संस्थापकांच्या बालपणापेक्षा तो वेळ मोठा वाटला.

मग त्यांनी बाण एक ओळ खाली नेला, पासवर्ड टाकला, आणि जागेवर जाऊन बसले.

सिस्टीम सुरू झाली. एकदाही अडकली नाही. प्राचार्यांचं सादरीकरण उघडलं. सरांच्या सिस्टीममध्ये त्यांनी वापरलेली मराठी अक्षरं नव्हती, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन आला. चौकोनांच्या लहानमोठ्या ओळी पडद्यावर एकाखाली एक उभ्या राहिल्या. प्राचार्यांना भाषण पाठ होतं. त्यांनी चौकोनांवर छडी फिरवत ते अर्धा तास ठणठणीत म्हटलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले की आकडेवारीची मांडणी फार बोलकी आहे आणि विशेषतः तळाच्या ओळींतली वाढ उत्साहवर्धक आहे. शाखा मिळाली.

टाळ्या संपल्या तेव्हा सर निघून गेले होते. चहा न पिता.

पुढच्या शनिवारी शफीभाईंचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कॉम्प्युटर सगळीकडे ‘आपलं’वर चालू होते, अधूनमधून अडकत होते, आणि कोणाला काही विचारायला नव्हतं. शफीभाई दुकान सोडून माझ्याकडे आले. "कुछ तो भी करो सर," ते म्हणाले. "शनिच्चर को अच्छा नै लगता. दो कप चा बनरी, एक मैंच पीरा."

ताई आणि मी सरांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं.

"या. आत बसल्यात. शनवारी घरात बसायची सवय न्हाई त्यांना, आन् मलाबी न्हाई."

सर पेपर वाचत होते. आम्ही बसलो. ताईंनी पदर खोचला.

"सर, आमचं चुकलं. तुमाला न सांगता आमी ते दुसरं बसिवलं."

"पहिल्याच शनवारी कळलं मला," सर म्हणाले. पेपर त्यांनी खाली ठेवला नाही. "मी बांधलेल्या घरात पोटभाडेकरू ठिवला तर मला कळत न्हाई व्हय? निम्मी जागा गेली की आतली."

"मग बोलला कामून न्हाईत?"

"काय बोलू? मी यायलोय म्हणून सगळा बाजार पळायलाय. शफी फोन करायलाय, तुमी दारात गुडघे इचारायलात. एवढी मेहनत माझ्या शिकवण्यावर बी कुणी घेतली न्हवती."

"मग आता यायचं कामून बंद केलंत?"

सरांनी पेपरची घडी केली. "आता तुमालाबी कळलं ना, की मला कळलंय. मी आलो की तुमी खाली बघणार, मी छताकडं बघणार. चहा कोण पिणार?"

"सर," ताई म्हणाल्या, "आमाला काई लाज न्हाई. तुमी या."

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "न्ह्या बाई ह्यांना," त्या म्हणाल्या. सर हसले नाहीत. त्यांनी गळ्यातली पेनड्राइव्हची दोरी सरळ केली आणि ताईंकडे रोखून पाहिलं.

"एक खरं सांगा. एवढ्या वर्षांत माझं कधी हँग झालं?"

"न्हाई सर. एकदा बी न्हाई."

"खोटं न्हाई?"

"खोटं कशाला बोलू? वापरलंच कुठं."

यावर सर जे हसायला लागले ते त्यांना ठसका लागेपर्यंत. काकूंनी पाणी आणलं. पुढच्या शनिवारी करकर पुन्हा सुरू झाली. फोन मात्र बंद झाले. सर आले की आता कोणी काही बदलत नसे, ते डब्यावर हात ठेवायचे, "हँग होतंय का?" विचारायचे, आणि लोक खरं सांगायचे. सर समाधानाने मान हलवायचे.

मागच्या वर्षी सर आणि काकू नांदेडला मुलीकडे राहायला गेले. जायच्या आदल्या आठवड्यात मी बाजारातून येताना स्टुडिओत डोकावलो. सर आतल्या स्टुलावर पाठमोरे बसले होते, पडद्याच्या अगदी जवळ. त्यांना माझी चाहूल लागली नाही. शफीभाईंनी तोंडावर बोट ठेवलं आणि मला बाहेर ओढलं.

"आजकल रोज आते," ते कुजबुजले. "अपनेवाली में पत्ते का खेल अच्छा है बोलते. उनकी में वैसा नै."

आयुष्यभर एका गोष्टीवर निष्ठा ठेवलेला माणूस तिच्यापासून चार पावलं दूर जाऊन बसतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललेलं असेल, असा एक गंभीर विचार माझ्या मनात आला. मी पुन्हा आत डोकावून पाहिलं.

सर हरत होते.